तुमच्या तोंडी घातलेलं वाक्य

भाद्रपद शुद्ध द्वितीया
कसबा पेठ, पुणे

प्रिय नाना,

माफ करा, फार दिवसांनी लिहितेय. खरं तर तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. गेल्या दिवाळीनंतर तुम्ही गेलात आणि तेराव्यालाच मी ठरवलं होतं की नानांना एक पत्र लिहायचं. रोजनिशी रोज लिहिते, पण तिच्यात तुमच्याविषयी लिहायचं तर ‘नाना होते’ असं लिहावं लागतं आणि तिथे पेन अडतं. पत्रात निदान ‘तुम्ही’ म्हणता येतं. मग इतके महिने का नाही लिहिलं? माहीत नाही. आळस म्हणा, भीती म्हणा.

आज लिहायला बसले ती नुसती आठवण आली म्हणून नाही. मला तुमच्याकडून एक उत्तर हवंय. ते मिळणार नाही हे कळतं, तरी विचारतेय.

परवा गणपती बसतील. आपल्या मंडळाच्या देखाव्यात यंदा एक पात्र आहे, ‘नाना मास्तर’. म्हणजे तुम्हीच! आणि त्या पात्राच्या तोंडी मी एक वाक्य घातलंय. ते ऐकायला फार छान आहे आणि चूक आहे. ते ठेवू का काढू यात आजचा दिवस गेला, आणि काढलं तर त्या जागी काय, ते अजून अडलंय.

पहिल्यापासून सांगते.

आषाढात मंडळाची बैठक झाली. बंडूदादा अजून अध्यक्ष आहे. भांड्यांचं दुकान मुलाकडे दिलंय, पण तांबं ठोकायला स्वतःच बसतो. तो म्हणाला, “यंदाचा देखावा नानांच्या स्मृतीला. आणि विषय नानांचा राहिलेलाच.” कोणता राहिलेला, हे कोणालाही विचारावं लागलं नाही. दर वर्षी बैठकीत कोणीतरी सुचवायचं, “नाना, क्वांटम?” आणि तुम्ही चष्मा पुसत म्हणायचात, “पुढच्या वर्षी.” सगळे हसायचे. ग्रहण दाखवलंत, लोखंडी जहाज का तरंगतं ते दाखवलंत, एका वर्षी बंडूदादाच्या दुकानातली परात चंद्र म्हणून टांगलीत. क्वांटम मात्र दर वर्षी पुढच्या वर्षी! असं का केलंत हो नाना? आणि मग पुढचं वर्ष आमच्या अंगावर टाकून निघून गेलात.

संहिता लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तुमची पुतणी आणि घरात लिहिणारी एकटीच. मी इतिहासाची पदवीधर, बँकेत नोकरी, विज्ञानाशी संबंध दहावीत संपलेला. हे मी बैठकीत सांगितलंसुद्धा. बंडूदादा म्हणाला, “अगं, बघणाऱ्यांचाही दहावीतच संपलाय. तूच बरोबर!”

श्रावणभर वाचत होते. आधी फार मजा वाटली. मांडवाला लावतो त्या एलईडीच्या माळा, खिशातल्या मोबाइलमधली चिप, दवाखान्यातलं एमआरआय, हे सगळं क्वांटमच्या नियमांवर चालतं म्हणे. म्हणजे आपण रोज ते वापरतो आणि विषय मात्र परग्रहावरचा असल्यासारखा घाबरून टाळतो. तुम्ही हे का नाही सांगितलंत कधी?

मग संगणकापाशी आले. साध्या संगणकातली प्रत्येक खूण शून्य असते नाहीतर एक. दिवा चालू किंवा बंद, तसं. क्वांटम संगणकातली खूण, म्हणजे क्यूबिट, बघेपर्यंत दोन्हींच्या मिश्रणात असते. बघितलं की एकच काहीतरी होते. मिश्रणात असते म्हणजे नेमकी कशी असते? इथे प्रत्येक लेखक एक उदाहरण देऊन पुढे पळतो. मीही त्यांच्यामागे पळाले. चूक इथेच सुरू झाली असावी.

तुमचा जावई प्रशांत हिंजवडीला ज्या कंपनीत आहे तिथे सध्या कुलुपं बदलायचं काम चाललंय. म्हणजे बँकांच्या, दवाखान्यांच्या माहितीला जी आकड्यांची कुलुपं असतात ती. त्याने मला जेवताना समजावलं. दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार करणं सोपं असतं, पण नुसता गुणाकार हातात देऊन ‘या दोन संख्या कोणत्या?’ विचारलं तर साधा संगणक म्हातारा होतो. त्यातली बरीच कुलुपं याच अडचणीच्या जोरावर बंद आहेत. उद्या पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर ती उघडतील. अजून बनलेला नाही, पण आजच चोरून ठेवलेली माहिती तेव्हा वाचता येईल, म्हणून आतापासून वेगळ्या प्रकारची कुलुपं बसवतायत.

मी विचारलं, “म्हणजे तो सगळ्या किल्ल्या एकदम लावून बघतो का?”

“तसंच काहीतरी,” प्रशांत म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

त्या ‘तसंच काहीतरी’तून माझं वाक्य जन्माला आलं, नाना. तुमच्या पात्राला मुलं विचारतात, या यंत्रात एवढं विशेष काय? आणि तुम्ही म्हणता, “बाळांनो, साधा संगणक एकेक उत्तर तपासत बसतो. क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकाच वेळी तपासतो आणि बरोबर तेवढं आपल्या ओंजळीत टाकतो!”

छान आहे की नाही? मलाही छान वाटलं. ते लिहिल्यावर मला विषय कळला असंच वाटलं.

आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे. आवाज आधी स्टुडिओत भरायचे, मग मांडवात कार्यकर्त्यांनी त्या आवाजावर नुसते ओठ हलवायचे, आणि दहा दिवस संध्याकाळपासून तोच खेळ पुन्हा पुन्हा. तुमचा आवाज एका नाटकवाल्याने दिलाय. इतका जमलाय की पहिल्यांदा ऐकला तेव्हा काकूंनी पदर डोळ्यांना लावला. तुमचं काम बंडूदादा करतोय, तुमचाच कोट घालून. पोटावर बटण लागत नाही, म्हणून हात पुढे बांधून उभा राहतो. तुमच्यासारखाच दिसतो, फक्त जेवलेला!

आणि यंत्र! ते तर तुम्ही बघायला हवं होतं. खऱ्या क्वांटम संगणकाचं चित्र मी बंडूदादाला दाखवलं. छताला उलटी टांगलेली सोनेरी तबकं, एकाखाली एक, लहान होत गेलेली, मध्ये नळ्याच नळ्या. तो म्हणाला, “हे तांबंच आहे की, वर सोन्याचं पाणी!” आणि खरंच तसं असतं. ती सगळी तबकं थंड करण्यासाठी असतात. सर्वांत खालच्या तबकाशी चांदण्यांमधल्या पोकळीपेक्षाही जास्त गारठा ठेवावा लागतो, कारण जरा ऊब लागली, कुठे धक्का लागला, की क्यूबिटचं ते नाजूक मिश्रण मोडतं. बंडूदादाने महिनाभर ठोकून ती तबकं केली. आता मांडवात लखलखतायत. येणारा-जाणारा विचारतो, “कॉम्प्युटर आहे का लग्नाच्या हॉलचं झुंबर?” बंडूदादा म्हणतो, “अक्षता आणल्यात का? मग उभे राहा.”

आज सकाळी रंगीत तालीम होती. तुमची सई आली होती. तुमची नात आता पाषाणला याच विषयात संशोधन करते, हे मला ठाऊक होतं. तिला संहिता आधी का नाही दाखवली? विचारायची लाज वाटली. तिच्यापुढे मी अडाणी ठरेन म्हणून. हे लिहितानासुद्धा कान गरम होतायत.

तालीम संपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सई वाजवता वाजवता थांबली.

“आत्या, झुंबर भारी झालंय. पण आजोबांचं ते वाक्य चूक आहे गं.”

“कोणतं?” मी विचारलं. पण मला कळलं होतं कोणतं.

“सगळी उत्तरं एकाच वेळी. सगळीकडे हेच लिहितात, तुझा दोष नाही. पण असं बघ. मंडईत तू सगळ्या गाळ्यांवर एकदम जाऊन आलीस असं धरू. पण घरी येऊन पिशवीत हात घातलास की एकाच गाळ्याचा आंबा हाताला लागणार. आणि कोणत्या गाळ्याचा, ते तुझ्या हातात नाही. मग काय मिळवलंस? नुसती चिठ्ठी उचलल्यासारखंच झालं.”

“मंडईत आंबा कायम असाच मिळतो,” बंडूदादा कोटातून म्हणाला.

“मग ते यंत्र करतं काय?” मी विचारलं.

सईने इकडेतिकडे बघितलं आणि साऊंडवाल्याला हाक मारली. मांडवाच्या दोन बाजूंना दोन स्पीकर आहेत. दोन्हींतून एकच सूर, सारखा, सोडायला सांगितलं. भोंग्यासारखा आवाज सुरू झाला. मग ती म्हणाली, “आता एका कानावर हात ठेवा आणि गल्लीत आडवे चाला. हळू.”

नाना, मी चालले. दोन पावलांवर आवाज मोठा. आणखी जराशी सरकले तर एकदम दबला. पुन्हा मोठा. पुन्हा दबला! दोन्ही स्पीकर चालू होते, कोणी बटणाला हात लावला नव्हता. बंडूदादा तुमच्या कोटात कानावर हात ठेवून खेकड्यासारखा गल्लीतून आडवा जात होता. वरून कोणीतरी ओरडलं, “अध्यक्ष, तब्येत बरी आहे ना?” आयुष्यभर या गल्लीत स्पीकर ऐकत आलो आम्ही. हे कधीच कसं लक्षात आलं नाही?

सई म्हणाली, “दोन लाटा कुठे एकमेकींना उचलतात, कुठे पुसतात. क्वांटम संगणकाचं कसब हे आहे. चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना पुसतील आणि बरोबर उत्तराच्या उचलतील, अशी मांडणी करायची. मग बघितलं की बहुतेक वेळा बरोबर उत्तरच हाती येतं. पण अशी मांडणी प्रत्येक प्रश्नाला सापडत नाही. काही थोड्याच प्रश्नांना सापडलीय. म्हणून ते यंत्र सगळ्याच कामांत वेगवान नाही.”

क्षणभर मला स्वच्छ कळलं. मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. “इथे हवा हलते. तिथे काय हलतं?”

“ते मोजता येतं, सांगता येत नाही,” सई म्हणाली. “त्यावर मोठी मोठी माणसं अजून भांडतायत. आत्या, मी आजोबांना एकदा विचारलं होतं, हा विषय तुम्ही का टाळता. म्हणाले, मला गणित करता येतं गं, पण ते गणित कशाबद्दल चाललंय ते कळत नाही. न कळता रस्त्यावर उभं राहून सांगू कसा?”

मी तिथेच मांडवाच्या पायरीवर बसले.

हे मला का नाही सांगितलंत, नाना? तुम्ही चष्मा पुसायचात तेव्हा मी हसणाऱ्यांत होते. मला वाटायचं, तुम्हाला सगळं येतं, फक्त आमची लायकी नाही म्हणून थांबलायत. तुम्हाला न कळणारं काही असतं हे मला माहीत असतं, तर मी दहावीनंतर विज्ञान सोडलं नसतं का? का हे मी आता उगाच तुमच्यावर ढकलतेय? बहुतेक ढकलतेय. मला गणितात कमी गुण होते.

वाक्य काढायचं म्हटल्यावर बंडूदादा चिडला.

“शिकलेली माणसं अशीच. गणपती दारात आला की यांना चूक सापडते.”

“बंडूकाका, गणपती दारात यायच्या आधी मला कोणी बोलावलं होतं?” सई म्हणाली.

“अगं पण माझे ओठ बसलेत त्या वाक्यावर! झोपेतसुद्धा हलतात, बायकोला विचार. आणि नवीन बोलणार कोण? आवाजवाला काल कोकणात गेला गणपतीला. आता तो अनंत चतुर्दशीशिवाय येत नाही.” मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “वैदेही, रस्त्यात उभा राहणारा माणूस आइस्क्रीम खात असतो. त्याला काय फरक पडतो? सुंदर वाक्य आहे. नानांना शोभतं. राहू दे.”

हेच मला दिवसभर छळत होतं. रस्त्यातल्या माणसाला फरक पडत नाही. तुम्हाला तर आता कशानेच पडत नाही. मग पडतो कोणाला? वर पाटी लागणार, ‘कै. नानांच्या स्मृतीस’. खाली तुमचा कोट, तुमचा आवाज, आणि तुम्ही जे जन्मभर म्हणायचं टाळलंत तेच, तेही चुकीचं, रोज संध्याकाळी कितीतरी वेळा ठणकावून! सगळ्या गल्लीच्या लक्षात तुम्ही तसे राहणार. आणि वाक्य काढावं तर भीती काकूंची. त्या आवाजाने त्या रडल्या होत्या. त्यातला तुकडा मी कसा कापू? हे खरेपणासाठी करतेय का स्वतःचं नाक वर ठेवायला, तेही मला नीट सांगता येईना.

दुपारी काकूंकडे गेले. त्या चिंच लावून समया घासत होत्या. तालीम त्यांनी खिडकीतून ऐकलीच होती. मी चाचरत सगळं सांगितलं, स्पीकरचं, लाटांचं, वाक्याचं. त्यांनी समई पालथी ठेवली.

“काढ की मग. त्यात विचारायचं काय?”

“पण तुम्ही रडला होतात ते ऐकून...”

“आवाजाला रडले गं. वाक्याला कशाला रडू? एवढं ठासून ते आयुष्यात कधी बोलले होते? भात झाला का म्हणून विचारलं, तर शिटी ऐकूनसुद्धा ‘झाला असावा’ म्हणायचे. मला वाटलं, वर जाऊन तरी जरा धीट झाले!”

मी हसले, त्याही हसल्या. समईला लावलेली चिंच वाळून गेली.

संध्याकाळी बंडूदादाकडे निरोप घेऊन गेले. तो शेवटच्या तबकाला चकाकी देत होता. “काकू म्हणाल्या? मग विषय संपला,” म्हणाला. रागावलेला होताच. थोडा वेळ तबक पुसत राहिला आणि स्वतःच म्हणाला, “साऊंडवाला ते वाक्य काढून तिथे सकाळचा भोंगा घालेल. लोकांना सांगू, कानावर हात ठेवा आणि सरका. आइस्क्रीम खाणारेही सरकतील. मी तेवढा वेळ फळ्याकडे तोंड करून उभा राहतो. पाठीला ओठ लागत नाहीत.”

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. तेवढ्यात त्याने मान वर केली. “पण नुसता उभा राहिलो तर बरं दिसायचं नाही. मास्तर आहे मी. फळ्यावर काहीतरी लिहायला हवं. काय लिहू?”

मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

दिवेलागण झालीय आणि मी तीच ओळ शोधतेय. ‘चुकीच्या लाटा पुसल्या जातात’ म्हणावं, तर लाटा कशाच्या? ‘मला कळलेलं नाही’ लिहावं, तर ते तुमचं न कळणं आणि माझं न कळणं एकच नाही. तुम्ही गणित करून तिथे पोचला होतात, मी आमटीच्या वेळी. तुमचं न कळणं मी उसनं कसं घेऊ?

आणखी एक सांगते. एकमेकांशी जोडल्या गेलेल्या दोन कणांविषयी मी वाचलं होतं. कितीही लांब गेले तरी एकाला बघितलं की दुसऱ्याचं काय ते कळतं. तेव्हा मनात एक वेडी आशा आली होती. तुमच्या-माझ्याविषयी. सईला सहज म्हणून विचारलं. ती म्हणाली, “त्यातून निरोप जात नाही आत्या. अगदी नाही.” म्हणजे हे पत्र त्या वाटेने येत नाहीये. तशी मनाची समजूत मी घालणार नाही. तुम्हाला ती चालली नसती. असं वाटतं.

नाना, एवढा शब्द मात्र देते. मला न कळलेलं काहीही यापुढे तुमच्या तोंडी घालणार नाही, कितीही सुंदर असलं तरी. पंचमीपासून रोज मांडवाशेजारी उभी राहीन. लोक विचारतील तेवढं, मला कळलं तिथपर्यंत सांगेन. आणि त्यापुढे ‘मला माहीत नाही’ म्हणेन, मोठ्याने, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

तुमची,
वैदेही

उद्या : बंडूदादाने फळ्यावर काय लिहायचं, ते एका ओळीत ठरवणे.